माळदरीला एसटीएम येते

संतराम पाईकराव कुठलीही गोष्ट शून्यापासून मोजायचा. घरात लेकरं तीन, पण संतरामच्या हिशेबी थोरला शून्य नंबर, मधली एक नंबर आणि धाकटी दोन नंबर. पाहुण्यांसमोर त्यानं अशी ओळख करून दिली की मंजुळाबाईंचा पारा चढायचा.

"अवो, माझ्या थोरल्याला शून्य म्हणता? शून्य तुमच्या मास्तरानं दिलं आसंल तुमाला!"

"मंजुळे, शून्य म्हंजे सगळ्यात म्होरला. त्याच्या तालावर बाकीचे चालतेत."

"मंग हा म्होरला दहावीला दोनदा काहून बसला?"

"त्याचा ताल सुटला," संतराम गंभीरपणे म्हणायचा आणि सायकलला टांग मारून एक्स्चेंजकडे निघायचा.

हा शून्याचा नाद त्याला टेलिफोन खात्यानं लावला होता. शहाऐंशी साली तो रोजंदारीवर खांबांचे खड्डे खोदायला लागला, आणि आठ वर्षांनी, कायम झाल्यावर, स्वतःच्याच गावच्या एक्स्चेंजवर आला. माळदरी हे हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अंगाला टेकडीवर बसलेलं गाव. उंचावर आहे म्हणून रेडिओचा मनोरा इथं उभा राहिला, आणि उंचावर आहे म्हणूनच इथं एसटी आली नाही. त्यामुळे माळदरीचा माणूस बसल्या जागी मुंबईशी बोलायचा, पण सेनगावला जायचं म्हटलं की कपाळाला हात लावायचा. तीन किलोमीटर उतरून फाट्यावर जायचं आणि तिथून नऊ शिटांच्या जीपमध्ये बाविसावा माणूस म्हणून शिरायचं. शिरणं म्हणजे तरी काय, एक पाय आत आणि बाकीचा माणूस देवाच्या हवाली.

एक्स्चेंजचे साहेब होते लालसिंग राठोड. ते आठवड्यातून दोनदा हिंगोलीहून यायचे. माणूस मोठा सोशिक. नववीपर्यंत शिकलेल्या संतरामला त्यांनी जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर टेलिफोनचं सगळं शास्त्र शिकवलं. एक माणूस फोनवर बोलतो, तेव्हा त्याच्या एका सेकंदाच्या बोलण्याचे यंत्र चौसष्ट हजार तुकडे करतं. तो एका माणसाचा वाटा. असे बत्तीस वाटे एकत्र बांधले की सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार तुकडे होतात. खात्यात त्याला म्हणायचे 'टूएमबी'. पण वाटे बत्तीस असले तरी बोलणारी माणसं तीसच. शून्य नंबरचा वाटा सगळ्यांना ताल देतो आणि सोळा नंबरचा कोण कुणाशी बोलतंय ते सांगतो.

संतरामनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजे साहेब, ही एसटीच झाली की. बत्तीस शिटा. शून्य नंबरवर डायवर, सोळा नंबरवर कंडक्टर. पाशिंजर तीस."

"वा रे पठ्ठे!" लालसिंग साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ही थाप साहेबांना फार महाग पडली. त्या दिवसापासून संतराम एसटीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलेनासा झाला. चौऱ्याण्णव साली रेडिओवर एक टूएमबी आली, तेव्हा त्यानं रजिस्टरात नोंद केली, 'गाडी चालू.' अठ्ठ्याण्णव साली काचेच्या तारेची पहिली केबल आली आणि तिच्यावर आठ एमबी, म्हणजे चार टूएमबी मिळाल्या. नोंद झाली, 'चार गाड्या, वेळेवर.' पुढे ब्रॉडबँड आलं तेव्हा लोक भांडायला यायचे, "दोनशे छप्पन देतो म्हणता, अन् कॉम्प्युटर तर बत्तीसच दाखवून राहिला!" संतराम शांतपणे सांगायचा, "आमी तुकडे मोजतो, तुमचा कॉम्प्युटर अक्षरं मोजतो. आठ तुकड्यांचं एक अक्षर. भागा बरं दोनशे छप्पनला आठानं." माणूस भागत भागत घरी जायचा.

पण खरी गंमत झाली ती त्याआधी, दोन हजार दोन साली. जुनी केबल बदलून हिंगोलीपासून नवी मोठी तार टाकायचं ठरलं आणि तिच्यावर बसणार होतं नवं यंत्र, एसटीएम-वन. त्याचा वेग एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न एमबी. संतरामनं कागद घेऊन भागाकार केला. एका टूएमबीचे दोन पूर्णांक अठ्ठेचाळीस सहस्रांश. उत्तर आलं पंच्याहत्तर, वर बाकी.

"त्रेसष्ट," लालसिंग साहेब म्हणाले.

"साहेब, पंच्याहत्तर होतेत. तीनदा भागून पाहिलं."

"भागाकार तुझा बराबर आहे. पण बसतात त्रेसष्टच."

"मंग बारा गाड्या गेल्या कुठं?"

दोन दिवस हा वाद चालला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्याच भाषेत समजावलं. एवढ्या गाड्या एकाच रस्त्यानं सोडायच्या, तर गाड्यांमध्ये अंतर लागतं. कुणाचं घड्याळ पुढं, कुणाचं मागं, म्हणून थोडी मोकळी जागा लागते. कोणती गाडी कुठल्या गावाला वळवायची, याची चिठ्ठीचपाटी लागते. बारा गाड्यांची जागा त्यात जाते. नवाच्या जागी बावीस भरणारी जीप संतरामनं जन्मभर पाहिली होती. पंच्याहत्तरांच्या जागेत मुद्दाम त्रेसष्टच भरणारं वाहन जिल्ह्यात पहिल्यांदाच येत होतं, आणि ते आपल्या हातानं चालू होणार, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

जुलैत ग्रामपंचायतीला पत्र आलं. पत्र वाचण्याचा मान माजी सरपंच माणिकरावांचा. त्यांचं सरपंचपद गेलं, पण आवाज गेला नव्हता. पारावर उभं राहून त्यांनी वाचलं, "दूरसंचार विभाग. विषय, ऑप्टिकल एसटीएम-१ लिंक. सदर एसटीएम-१ लिंक दिनांक पंधरा ऑगस्टपासून माळदरी येथे कार्यान्वित होत असून रस्त्यालगत खोदकामास ना-हरकत मिळावी. अधिक माहितीसाठी श्री. संतराम पाईकराव यांच्याशी संपर्क साधावा."

माणिकरावांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"लेकहो, आपली गाडी मंजूर झाली."

"काय लिव्हलंय त्यात?" कुणीतरी विचारलं.

"एसटीएम म्हंजे एसटी महामंडळ. वन म्हंजे पहिली गाडी. लिंक म्हंजे लिंक रोड, त्यासाठीच खोदकाम आहे. अन् दूरसंचार! संचारबंदीत काय बंद असतं? हिंडणं-फिरणं. मंग दूरसंचार म्हंजे लांबचं हिंडणं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं खातं आहे ते!"

"अन् ऑप्टिकल?"

इथं माणिकराव क्षणभर अडले. हिंगोलीत 'ऑप्टिकल' अशी पाटी त्यांनी चष्म्याच्या दुकानावर पाहिली होती. "डायवरची नजर तपासून देऊन राहिले," ते म्हणाले. चढाचा रस्ता असल्यानं ही खबरदारी सगळ्यांना पटली.

खातरजमा करायला माणिकराव एक्स्चेंजवर गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी गावकरी यंत्राची चौकशी करायला आला होता. संतरामनं त्यांना खुर्ची पुसून दिली.

"संतराम, एसटीएम येऊन राहिली म्हणं."

"व्हय! पंधरा ऑगस्टला."

"माणसं किती बसतील?"

"एकदम? अठराशे नव्वद."

माणिकरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "एका गाडीत?"

"एका गाडीत तीस. अशा त्रेसष्ट."

"त्रेसष्ट गाड्या! माळदरीला?"

"न्हाई, न्हाई. माळदरीला चारच. बाकीच्या एकुणसाठ नुस्त्या गावातून जातेत. थांबत न्हाईत."

"जलद असतील," माणिकराव समजुतीनं म्हणाले.

"जलद म्हंजे! डोळ्याची पापणी लवायच्या आत मुंबई."

माणिकरावांना हे थोडं जास्त वाटलं, पण नव्या गाडीच्या कौतुकात माणूस वाढवून बोलतोच, म्हणून त्यांनी सोडून दिलं. गावात येऊन त्यांनी सांगितलं, "संतराम बोलला ते अर्धं खरं धरा. तरी चार गाड्या पक्क्या."

त्याच संध्याकाळी उत्तमराव आले. उत्तमराव हे चार एकर हळदवाले शेतकरी. बोलणं कमी आणि शब्दाला पक्के. त्यांची मंजुषा दहावीला ब्याऐंशी टक्के घेऊन पास झाली होती आणि तिला सेनगावला अकरावी सायन्सला जायचं होतं. उत्तमरावांचं म्हणणं होतं, माझी लेक जीपला लोंबकळत जाणार नाही. बायको सुमनबाईंनी समजावलं, मंजुषा रडली, उत्तमराव हलले नाहीत. आता मात्र ते एक्स्चेंजच्या दारात उभे होते.

"संतराम, तुझ्या तोंडून ऐकायचंय. पंधरा ऑगस्टला येती का?"

"येती म्हंजे? मी सोता चालू करून राहिलो."

"रोज चालंल?"

"चोवीस घंटे. बंद पडली तर नांदेडहून साहेबाला जाब विचारतेत."

"पोरीचं समदं त्याच्यावर हाय. भरोसा ठेवू का?"

संतरामला वाटलं, मंजुषाला परभणीच्या मावशीशी बोलायचं असेल. पोरीचा बापाला किती घोर! तो म्हणाला, "ठेवा भाऊ. माझा शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी सेनगावला जाऊन मंजुषाचं नाव घातलं. पंधरा ऑगस्टपर्यंत तिला रोज फाट्यापर्यंत सोडायचं आणि जीपमध्ये बसवायचं, तेवढे दिवस त्यांनी मन घट्ट केलं.

इकडे खोदकाम सुरू झालं आणि संतराम चकित झाला. एरवी खात्याच्या माणसाला कुणी पाणी विचारत नसे. आता लोक आपणहून फावडी घेऊन आले. सुमनबाईंनी खड्ड्याच्या कडेला भाकरी आणून दिल्या. "काचेच्या तारेचं एवढं प्रेम मी कुठंच पाहिलं न्हाई," तो लालसिंग साहेबांना फोनवर म्हणाला. साहेबांनाही गहिवरून आलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि सगळं गाव वेशीत जमलं. आंब्याची तोरणं लागली, हलगी कडाडू लागली, सुमनबाई आरतीचं ताट घेऊन सगळ्यांत पुढं उभ्या राहिल्या. दहाच्या सुमाराला चढावर इंजिनाचा आवाज आला. हलगीवाल्यानं जोर धरला. वळणावरून खात्याची जीप आली आणि तिच्यातून लालसिंग साहेब उतरले. स्वागत पाहून ते गोंधळले. तोवर माणिकरावांनी नारळ फोडून टाकला होता.

"साहेब, गाडी मागून येऊन राहिली का?"

"कोणती गाडी?"

"एसटीएम."

"आणलीय की," साहेबांनी जीपमधला खोका दाखवला. गव्हाच्या लहान पोत्याएवढा असेल.

हलगी थांबली. मागच्या रांगेतून एक म्हातारा हळूच म्हणाला, "घडीची हाय वाटतं."

मग सगळा उलगडा झाला. हसणारे हसले, माणिकराव पत्र पुन्हा काढून 'दूरसंचार' हा शब्द वेगवेगळ्या अंगांनी वाचत बसले. ओवाळायला आणलेलं ताट परत न्यायचं नाही, म्हणून सुमनबाईंनी खोक्यालाच कुंकू लावलं. उत्तमराव तेवढे संतरामजवळ आले. ते रागावले नव्हते, आणि तेच संतरामला जड गेलं.

"तू शब्द दिला होतास, संतराम."

"भाऊ, मी फोनचं बोलून राहिलो होतो…"

"असंल. ह्या महिन्याअखेरपर्यंत जाऊ देतो तिला. मंग नाव काढतो." मागं दोन वेण्या घातलेली मंजुषा उभी होती. तिनं ऐकलं आणि मान फिरवली.

दुपारी यंत्र बसलं. चार हिरवे दिवे एका दमात लागले. एरवी संतरामनं पेढे वाटले असते. त्या दिवशी त्यानं रजिस्टरात 'चालू' एवढंच लिहिलं. गाडी हा शब्द त्याच्या हातून उमटला नाही.

घरी त्यानं मंजुळाबाईंना सगळं सांगितलं. "माझी काय चूक सांग. त्यांनी एसटी ऐकली, मी एसटीएम बोललो."

"तुमी व्हय म्हणलात न?"

"म्हणलो."

"मंग व्हय करून दाखवा," मंजुळाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

गावानं एसटीसाठी आजवर सतरा अर्ज केले होते. संतरामनं ते पंचायतीतून आणून वाचले. सगळे माणिकरावांनी लिहिलेले. प्रत्येकाची सुरुवात स्वातंत्र्यलढ्यापासून होती आणि शेवट 'न्याय मिळालाच पाहिजे' असा. रस्ता दोन वर्षांपूर्वी डांबरी झाला, ही गोष्ट एकाही अर्जात नव्हती. किती माणसं जातात, हेही नव्हतं.

संतरामला दुसरं काही येत नसलं तरी हे येत होतं. लाइनी वाढवून मागायच्या तर एक्स्चेंजला आठवडाभर मोजणी करावी लागते. गर्दीच्या तासाला किती फोन लागले, किती लागले नाहीत. त्यानं आठ दिवसांची रजा टाकली आणि रोज सकाळी सहाला फाट्यावरच्या बाभळीखाली रजिस्टर घेऊन बसू लागला. वरून उतरलेलं प्रत्येक माणूस तो लिहायचा. 'गेला' असा एक रकाना आणि 'लागला नाही' असा दुसरा. जीपमध्ये जागा न मिळून जो परत फिरला, तो दुसऱ्या रकान्यात.

चौथ्या दिवशी मंजुषा जीपची वाट बघत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, जे फाट्यापर्यंत येतच न्हाईत त्यांचं काय?"

"म्हंजे?"

"माझ्या वर्गातल्या सहा जणी. अन् मागच्या वर्षीच्या चार. त्या घरीच हायेत. त्या तर खाली उतरतच न्हाईत."

संतरामचं पेन थांबलं. फोन लावून न लागलेले तो इतकी वर्षं मोजत आला होता. रिसीव्हर न उचललेल्यांचा रकाना खात्यातही नव्हता. "नावं सांग," तो म्हणाला. तिनं दहा नावं सांगितली. त्यानं ती पेनानं लिहिली आणि अकराव्या ओळीवर अडला.

"माझं नका लिहू. मी जाऊन राहिले न."

"महिनाअखेरपर्यंत."

मंजुषानं थोडा विचार केला. "मंग पेन्सिलीनं लिहा."

सव्वीस तारखेला संतराम आणि माणिकराव हिंगोलीला आगारात गेले. तिथले साहेब म्हणजे भला माणूस, पण माणिकराव स्वातंत्र्यलढ्यापासून सुरू होताच त्यांनी घड्याळ पाहिलं. संतरामनं रजिस्टर पुढं सरकवलं. साहेबांनी पान उलटलं, मग दुसरं उलटलं, आणि चहा सांगितला.

"मोजणी कुणी केली?"

"मीच. टेलिफोनात हाय मी."

"आम्हाला भारमान लागतं, पाईकराव. गाडीच्या शिटा किती भरतात ते. तुमचा सकाळचा आकडा बरा आहे. पण हे 'लागला नाही' काय?"

"साहेब, लागलेल्या फोनांवरून लाइनी किती पाहिजेत ते कळत न्हाई. न लागलेल्यांवरून कळतं. गाडी न्हाई म्हणून जे गेलेच न्हाईत, ते तुमच्या भारमानात कधी येणारच न्हाईत. म्हणून लिव्हून आणले."

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीशी ते थांबलं. "हे एकच पेन्सिलीनं काहून?"

"ते पुसायचं का गिरवायचं, ते तुमच्या हातात हाय."

माणिकरावांनी आपला अठरावा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी एक रिकामी गाडी चढ चढून पाहून गेली. तीस तारखेला निरोप आला. सकाळी पावणेसात आणि संध्याकाळी साडेपाच, सप्टेंबरपासून एक महिना, चाचणी म्हणून. भारमान पडलं तर बंद.

पहिल्या सकाळी कुणी हलगी आणली नाही. एकदा हसं झालं होतं, लोक सावध होते. गाडी खरंच आली, वळली, दार उघडलं, तेव्हा कुठं लोक पुढं सरकले. मंजुषा चढली. तिच्यामागं वर्गातल्या दोघी चढल्या, उरलेल्यांच्या घरी बोलणी चालू होती. मग दुधाचे कॅन, कोंबड्यांची पाटी आणि इस्त्रीचा सदरा घातलेले उत्तमराव.

"भाऊ, तुमी कुठं?" खाली उभ्या असलेल्या संतरामनं विचारलं.

"सेनगावला."

"काय काम काढलं?"

"काम काय असणार? भारमान पडलं तर बंद करतेत म्हणला न तू? महिनाभर जाणार हाय मी रोज." उत्तमराव मंजुषाच्या मागच्या शिटेवर बसले आणि मांडीवरची टोपी नीट केली. "पोरीसाठी न्हाई. गाडीसाठी."

मंजुषानं मागं वळून पाहिलं. "आबा, सेनगावला उतरल्यावर कॉलेजापर्यंत येऊ नका म्हंजे झालं."

"मी स्टँडवरच बसंन," उत्तमराव म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली.